दर्याने नेलेल्याचे नाव

सोमवार, ४ फेब्रुवारी १९२९. सायंकाळचे सव्वासात.

लॉर्डशिपच्या लाल झग्यावरची पांढरी फर ब्रशने झाडत बसलो होतो. हात पुसून हे लिहितो आहे. फरमध्ये आगगाडीचा कोळसा बसला की नुसते झाडून निघत नाही, कोंडा चोळावा लागतो.

वेनस्टोला दुपारी उतरलो. न्यायमूर्तींच्या या फिरतीतले कोर्टाचे हे तिसरे सत्र. स्टेशनवर शेरीफ, दोन तुतारीवाले, भाले घेतलेले बारा शिपाई आणि पुष्कळ रिकामटेकडे लोक. तुतारी वाजली तसे लॉर्डशिप दचकले आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "आज काय आहे, हिबर्ड?"

हिबर्ड माझ्या आधीचे कारकून. एकोणीस वर्षे लॉर्डशिपबरोबर होते, गेल्या जूनमध्ये वारले. मी म्हटले, "वेनस्टोचं सत्र, माय लॉर्ड."

"अर्थात," ते म्हणाले, आणि शेरीफकडे वळून त्यांनी इतक्या रुबाबात हॅट उचलली की गर्दीतल्या बायका मान लववून उभ्या राहिल्या. प्रवासाचा शीण असणार. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत.

लॉर्डशिपच्या त्या प्रश्नाविषयी एक शब्द लिहायचा होता म्हणून कोश उघडला. शुद्ध रूप सापडले, पण मग तो शब्द इथे लिहावासा वाटला नाही.

एरवी न्यायमूर्तींच्या सोबतीला मार्शल म्हणून एखादा खानदानी तरुण वकील असतो. जेवणाला बसतो, गप्पा मारतो. आमचा मार्शल ताप येऊन लंडनला परतला. सत्र चालू असताना न्यायमूर्तींनी गावात कुणाकडे जायचे नाही, वकिलांना भेटायचे नाही, अशी रीत आहे. म्हणजे आम्हाला उतरवलेल्या या निवासात त्यांना बोलायला उरलो मी आणि त्यांचे बटलर श्री. गेज. श्री. गेज बोलतात कमी.

हेही लिहून ठेवतो, कारण आज दिवसभर तेच डोक्यात आहे. कारकून न्यायमूर्तींचा असतो, सरकारचा नव्हे. न्यायमूर्ती खुर्चीवरून उठले की कारकूनही उठला, मग त्याला कोणी विचारत नाही. डेप्टफर्डला आई आणि बहीण लिली दोन खोल्यांत राहतात. मी सहावीत शाळा सोडलेला मुलगा. सर अँब्रोज थॅकवेल यांचा कारकून झालो हे शेजाऱ्यांना अजून खरे वाटत नाही. कधी कधी मलाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

किरकोळ खटले संपवले. दुपारी लॉर्डशिप मागच्या खोलीत उकडलेला मासा खात होते. अचानक म्हणाले, "तो हिरव्या मफलरवाला. तुला कसा वाटला?"

सायकली चोरणारा माणूस. मला असे कधी कोणी विचारलेले नाही. मी म्हटले, "तो ज्यूरीकडे बघत नव्हता, माय लॉर्ड. घड्याळाकडे बघत होता. कुठंतरी जायची घाई असल्यासारखा."

जेवणानंतर ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. लॉर्डशिपनी चष्मा काढला. "तू सकाळपासून घड्याळाकडे बघतो आहेस," ते म्हणाले. "तुला कुठंतरी जायचं असावं. कुठं ते मी सांगतो. अठरा महिने."

सगळे कोर्ट हसले. वार्ताहर लिहून घेत होते. मी खाली मान घालून पेन्सिली सारख्या करत राहिलो, पण कानांपर्यंत गरम झालो होतो. ते शब्द निम्मे माझे होते.

संध्याकाळी दूध घेऊन गेलो तर बसायला सांगितले. वडिलांविषयी बोलले. वडील डॉर्सेटला घोड्यांचे खोगीर शिवत. त्यांना सही येत नव्हती, पण ग्राहकाच्या चालण्यावरून तो उधार मागणार की रोख देणार हे ओळखत. "मी माणसं बघायला तिथं शिकलो," लॉर्डशिप म्हणाले. "कायदा नंतर." मग शिष्यवृत्ती, मग वकिली, मग त्या गिरणीवाल्याचा खटला, ज्याने त्यांचे नाव झाले. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही फाशीचा निकाल वरच्या कोर्टात फिरलेला नाही.

टेबलावर ते सगळीकडे नेतात तो फोटो होता, सैनिकी पोशाखातला तरुण. "तो असता तर आता चौतीसचा असता," ते म्हणाले.

जिन्यावर श्री. गेज यांना विचारले, साहेबांच्या मुलाचे नाव काय होते. ते मेणबत्तीची वात कातरत म्हणाले, "सोळा सालापासून ते नाव घरात कोणी घेतलेलं नाही. बाईसाहेबांनी एकदा जेवताना घेतलं, तर साहेब ताटावरून उठले. तूही विचारू नकोस."

बुधवार, ६ फेब्रुवारी

खुनाचा खटला सुरू झाला. आरोपी ओबेड लार्टर, वय एकतीस, ब्रॅकनेसचा कोळी. मेलेला आयझॅक गुच, त्याचा मेहुणा आणि होडीतला अर्धा भागीदार. नोव्हेंबरात दोघे हेरिंग मासे धरायला गेले, लार्टर एकटा परतला. तिसऱ्या दिवशी गुच चिखलात सापडला, कवटी फुटलेली. सरकार म्हणते, होडीच्या आकड्याने मारले, कारण आदल्या आठवड्यात दोघे दारूच्या दुकानात विक्रीच्या पैशांवरून भांडले होते. बचाव असा की वारा फिरला आणि शिडाची आडवी काठी डोक्यात बसली. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, दोन्हींपैकी काहीही असू शकेल.

लार्टर दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभा असतो. हात फार मोठे आहेत. वर गॅलरीत ब्रॅकनेसची माणसे, काळे कपडे, मिठाचा वास. त्याची बायको, म्हणजे मेलेल्याची बहीण, पहिल्या रांगेत.

संध्याकाळी लॉर्डशिप शेकोटीपाशी फेऱ्या मारत होते. "सकाळी कोण बोललं? तो डॉक्टर होता की शिपाई?" मी क्रमाने सगळे सांगितले. त्यांनी दोनदा सांगायला लावले. हल्ली मी रोज असे सांगतो. त्याने त्यांना विश्रांती मिळते.

"आणि तो माणूस? तू त्याच्याकडे बघत होतास. काय दिसलं?"

मला वाटले, काहीतरी चांगले सांगावे. "एक गोष्ट, माय लॉर्ड. पोलिसांसमोरचा त्याचा जबाब वाचला, तो चांगला चार पानी आहे. त्यात त्यानं मेलेल्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. सगळीकडे नुसता 'तो'."

लॉर्डशिप थांबले. त्यांचे डोळे असे उजळले की मला आजचे नव्हे, हिबर्ड सांगत असत त्या काळातले थॅकवेल दिसले.

"नाव जिभेवर येत नाही," ते सावकाश म्हणाले.

मी खूष होऊन झोपायला आलो.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

लार्टरने स्वतः साक्ष दिली. साधा बोलतो. "तो पुढच्या टोकाला होता. मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. मी जाळं सोडलं आणि त्याच्यासाठी दोर टाकला." मी मोजायचे नाही असे ठरवूनही कान तिकडेच होते. एकदाही नाव नाही. सरकारी वकिलाने त्याविषयी काही विचारले नाही, कारण ते कुणाच्या ध्यानातच आलेले नाही. लॉर्डशिप मात्र हसल्यासारखे करून मागे टेकले.

संध्याकाळी गरम पाण्यासाठी स्वयंपाकघरात गेलो. इथली आचारीण मिसेस टारबक हेरिंग साफ करत होत्या.

"काय म्हणतंय तुमचं कोर्ट?" त्या म्हणाल्या. "पोट भरलं का कोणाचं?"

मी म्हटले, खटल्यावर बोलायची मला परवानगी नाही.

"नका बोलू. मी बोलते. ओबेडची आई आणि माझी आई एकाच खाडीवरच्या. त्याला लहानपणी मी ढुंगणावर चापट्या मारल्यात. कोंबडी कापायची तर तो शेजाऱ्याला बोलवायचा."

"पण बाई," मी म्हटले, आणि हे मी म्हणायला नको होते, "एवढं सगळं सांगितलं, त्यात मेलेल्याचं नाव एकदाही का घेतलं नाही त्यानं?"

त्यांनी सुरी थांबवली आणि माझ्याकडे लहान मुलाकडे बघतात तसे बघितले. "घेईल कसा? दर्यानं नेलाय ना त्याला."

"म्हणजे?"

"दर्यानं नेलेल्याचं नाव वर्षभर घेत नाहीत, राजा. आमच्याकडे कुणीच नाही घेत. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा आई त्याच्या कोटालाही 'तो कोट' म्हणायची. नाव घेतलं तर त्याच होडीतला दुसरा जातो."

मी विचारले, हे त्याच्या वकिलाला ठाऊक आहे का?

"वकील बर्मिंगहॅमचा. त्याला मासा कोणत्या टोकाकडनं खायचा ते ठाऊक नाही."

"आणि ज्यूरीतल्यांना?"

"ज्यूरीत बसायला बऱ्यापैकी घर लागतं, बाबा. आमच्या ब्रॅकनेसात भाड्याच्या खोपट्या. त्या बाकावर बियाणेवाला आहे, लोखंडवाला आहे, बाकी शेतकरी. त्यांनी दर्या बघितला तो सहलीत, आइस्क्रीम खाता खाता." त्या परत मासा चिरू लागल्या. "पण त्यानं काय होतंय? नाव घेतलं नाही म्हणून कुणी फासावर चढवतं का माणसाला?" आणि त्या हसल्या.

मी पाणी घेऊन वर गेलो. जिन्यावर थोडे सांडले.

लॉर्डशिप आरशासमोर उभे होते, घरातल्या झग्यात. आरशाला सांगत होते, "ते नाव त्याच्या जिभेवर येत नाही, सद्गृहस्थहो. का येत नाही, ते तुम्ही ठरवायचं आहे."

मी म्हटले, "माय लॉर्ड, ती नावाची गोष्ट. खाली स्वयंपाकघरात ऐकलं की या किनाऱ्यावर तशी रीत आहे."

"स्वयंपाकघरात?"

"बुडालेल्याचं नाव घेत नाहीत म्हणे. अपशकुन असतो."

"साक्षीत आलं आहे हे?"

"नाही, माय लॉर्ड."

"मग ते माझ्यासमोर नाही. एकोणीस वर्षं मी हेच सांगत आलो." ते माझ्याकडे वळले. नजर इतकी स्वच्छ होती की मला भीती वाटली. "आणि कोणती नावाची गोष्ट? ते तर मी पहिल्या तासातच टिपलं. तुला कोणी सांगितलं?"

तुम्हाला मीच सांगितले, असे म्हणायला हवे होते. ओठ उघडलेही होते.

"कोणी नाही, माय लॉर्ड," मी म्हटले.

बाहेर श्री. गेज उभे होते. "आत काय चाललं होतं?"

मी सगळे सांगितले. त्यांनी माझ्यामागचे दार ओढून घेतले. मग म्हणाले, "ऐक. म्हाताऱ्या घोड्याला वाट पाठ असते. लगाम ओढलास तर अडखळतो, आणि अडखळला की सगळं गाव बघतं. लंडनहून एक पत्र यायचंय. ते येईपर्यंत घोडा सरळ चालू दे. तुझं आणि माझं पोट त्याच्याच पाठीवर आहे."

"पण तो लार्टर?"

"बारा माणसं बसवलीत ना त्याच्यासाठी?"

हे खरे आहे. बारा माणसे आहेत. ठरवायचे त्यांनी आहे.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो.

लॉर्डशिपनी दोन तास समारोप केला, हातात कागद न घेता. वारा, काठी, आकडा, डॉक्टर, भांडण, सगळे जागच्या जागी, दोन्ही बाजू तोलून. मी काल रात्री जेवढे सांगितले होते त्यातले काहीही सुटले नाही, आणि मी जे सांगायला विसरलो होतो ते त्यांच्या बोलण्यात आले नाही. दारूच्या दुकानाच्या मालकिणीने सांगितले होते की भांडणानंतर दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी गेले. ते काल माझ्याकडून राहिले होते. मी खाली बसून वाट बघत होतो, की आता येईल, आता येईल. ते आले नाही.

शेवटी आवाज खाली आणला. असा की मागच्या बाकावरच्यांनाही पुढे वाकावे लागले.

"सद्गृहस्थहो, पुरावा नेहमी बोललेल्या शब्दांतच असतो असं नाही. या माणसानं आपल्या जबाबात आणि तुमच्यासमोर त्या दिवसाची हकीकत सांगितली. ज्याच्याबरोबर तो सात वर्षं एका होडीत बसला, ज्याच्या बहिणीशी त्यानं लग्न केलं, त्याचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. निष्पाप माणसाला मेलेल्या मित्राचं नाव घेताना दुःख होतं. पण तो घेतो. हे नाव या माणसाच्या जिभेवर का येत नाही?"

वर गॅलरीत कुजबुज झाली. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि काहीतरी बोलू लागला. शिपायाने त्याला खाली बसवले. बर्मिंगहॅमचे वकील श्री. पॅजेट अर्धवट उठले. "माय लॉर्ड, या मुद्द्यावर साक्षीत कोणताही प्रश्न—"

"बसा, मिस्टर पॅजेट. तुमची वेळ होती तेव्हा तुम्ही बोललात. फार वेळ बोललात."

कोणीतरी हसले. श्री. पॅजेट बसले.

ज्यूरी दीड तासाने परत आली. बियाणेवाला पुढारी होता, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोषी. दयेची शिफारस नाही.

कोर्टाच्या अधिकाऱ्याने लार्टरला विचारले, शिक्षा का देऊ नये याविषयी काही सांगायचे आहे का. लार्टरने वर गॅलरीकडे पाहिले, बायकोकडे. जणू तिची परवानगी मागत होता. मग म्हणाला, "आयझॅकला मी मारलं नाही. आयझॅक गुच. तुम्हाला नाव पाहिजे होतं ना, साहेब. घेतलं. आयझॅक."

ब्रॅकनेसच्या सगळ्या बायकांनी एकदम तोंडावर हात नेले. ओरडले कोणी नाही. त्याची बायको उठली आणि कोणाकडेही न बघता दारातून बाहेर गेली.

फाशीची शिक्षा सुनावताना लागते ते काळे रेशीम माझ्याकडे असते. त्याला टोपी म्हणतात, पण ते नुसते चौकोनी कापड आहे. एक टोक पुढे येईल असे विगावर ठेवायचे. मी पहिल्यांदाच ठेवत होतो. हिबर्डनी शिकवले होते की श्वास रोखून ठेवावे म्हणजे हात हलत नाही. मी वाकलो तेव्हा लॉर्डशिपचे ओठ माझ्या कानापाशी आले.

"या माणसाचं नाव काय?"

मी सांगितले.

"ओबेड लार्टर," लॉर्डशिप म्हणाले, त्या भरदार आवाजात, आणि पुढचे सगळे शब्द एकाही ठिकाणी न अडखळता म्हटले. पाद्री 'आमेन' म्हणाला.

निवासात परतल्यावर त्यांनी चांगले जेवण केले. मिसेस टारबकनी ताटे वर पाठवली, पण स्वतः आल्या नाहीत. मी खाली गेलो तेव्हा त्या भांडी घासत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काल संध्याकाळी विचारलंत तेव्हा मला वाटलं, पोरगं उगाच विचारतंय."

रविवार, १० फेब्रुवारी

काल काही लिहिले नाही.

लंडनचे पत्र आले. लॉर्डशिपना अपील न्यायालयात बढती मिळाली आहे. ईस्टरनंतर फिरतीची दगदग नाही, तीन न्यायमूर्ती एकत्र बसतात, एकट्यावर काही येत नाही. मी बरोबर जाणार. श्री. गेज यांनी शेरीची बाटली फोडली आणि मला पहिल्यांदाच 'मिस्टर स्क्रेस' म्हणाले. आईला तार करणार आहे.

दुपारी लॉर्डशिपनी बोलावले. फाशीची शिक्षा दिलेल्या प्रत्येक माणसाविषयी न्यायमूर्तींनी गृहमंत्र्यांना आपले खासगी मत कळवायचे असते. श्री. पॅजेट अपील करणार आहेत, पण अपिलात नवे काही दाखवायला त्यांच्याजवळ नाही असे म्हणतात. म्हणजे लार्टरच्या बाजूने काही व्हायचे तर ते या खोलीतूनच.

लॉर्डशिप शांत होते. आज त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

"मी हल्ली थकतो, स्क्रेस," ते म्हणाले. "तू सगळं बघितलंस. या माणसाच्या बाजूनं लिहिण्यासारखं काही आहे का? विचार करून सांग. तू सांगशील ते मी लिहीन."

शेकोटीतला कोळसा घसरला तो मी चिमट्याने सरळ केला. तेवढा वेळ होता. दोन गोष्टी सांगायच्या होत्या, दारूच्या दुकानाची मालकीण आणि ती रीत. दोन मिनिटांत झाल्या असत्या. मग गृहमंत्र्यांच्या कचेरीतल्या कोणीतरी विचारले असते, हे समारोपात कसे आले नाही. मग ते नावाचे कुठून आले असे विचारले असते. आणि लॉर्डशिपनी माझ्याकडे बघितले असते.

"साक्षीत तसं काही आलेलं नाही, माय लॉर्ड," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली. "बरोबर. हिबर्डही हेच म्हणाला असता."

एक वाक्य त्यांनी सांगितले, मी लिहिले. शुद्धलेखन दोनदा तपासले. चूक नव्हती. त्यांनी सही केली आणि विचारले, आता पुढचे गाव कोणते.

मी खोटे बोललो नाही. नावाच्या रीतीविषयी साक्षीत खरोखरच काही आलेले नाही. आणि दुकानाच्या मालकिणीचे सगळ्यांनी ऐकले होते, मी एकट्याने नाही. ते सांगायचे काम वकिलाचे होते.

सोमवार, ११ फेब्रुवारी

दहाच्या गाडीने निघालो. तुतारी वाजली. आज लॉर्डशिप दचकले नाहीत.

निघताना नोकरांना बक्षिसी देण्याचे काम माझे. मिसेस टारबकनी दहा शिलिंगची नोट घेतली, टेबलावर पसरून हाताने सपाट केली आणि माझ्याकडे परत सरकवली. माझे नावही त्यांनी घेतले नाही, मोलकरणीला म्हणाल्या, "त्याला दार उघडून दे."

वेनस्टो येथील खर्च:

मोलकरणी दोघी, १० शिलिंग.
गाडीवान, ५ शिलिंग.
धोबीण, गळपट्ट्या व झग्याचे पांढरे बंद, ३ शिलिंग ४ पेन्स.
काळ्या रेशमाचे टोक उसवले होते ते शिवून घेतले, ९ पेन्स.
आचारीण, १० शिलिंग. परत आले, जमा केले.

एकूण खर्च १९ शिलिंग १ पेनी.

देणे, काही नाही.